मांडुळाच्या नावातला जॉन

मांडूळ विकणारी टोळी पकडल्याची बातमी आपल्याकडे वर्षातून अनेकदा छापून येते. गुप्तधन दाखवतो, दोन्ही तोंडांनी चालतो, वजन वाढले की कोटींना जातो, अशा थापांपायी मातीत तोंड खुपसून राहणाऱ्या या बिनविषारी सापाचे हाल होतात. त्याचे शास्त्रीय नाव एरिक्स जॉनी. यातला जॉन कोण, हे मात्र बातमीत कधी येत नाही.

ख्रिस्तोफ सॅम्युअल जॉन हा जर्मन मिशनरी १७७१ मध्ये तरंगमबाडीला आला आणि १८१३ मध्ये तिथेच वारला. तरंगमबाडी हा मुळात तंजावरचा किनारा. रघुनाथ नायकाने १६२० मध्ये तो डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांना वखारीसाठी दिला. जॉनला शिंपले, मासे, साप जमवण्याचा विलक्षण नाद होता. बर्लिनचा डॉक्टर ब्लॉख मासे अभ्यासत होता, पण भारतात कधी आला नाही. जॉन त्याला मासे पाठवत राहिला. ब्लॉखने १७९३ मध्ये माशांच्या एका प्रजातीलाच जॉनियस हे नाव दिले. कोकणातल्या बाजारात आपण ढोमा म्हणून विकत घेतो, ते मासे याच प्रजातीतले. मांडुळाला जॉनचे नाव दिले १८०१ मध्ये पॅट्रिक रसेलने, आणि या रसेलचे स्वतःचे नाव घोणशीला लागलेले आहे. आपल्या शेताच्या बांधावर अशी दोन सापांत जुनी ओळख राहते.

तरंगमबाडीत निसर्ग अभ्यासणाऱ्या या वर्तुळाची सुरुवात मात्र जॉनने केली नाही. ते श्रेय योहान गेरहार्ड कोनिगचे, आणि ते त्याला पुरेसे मिळालेले नाही. लिनियसचा हा शिष्य १७६८ मध्ये मिशनचा डॉक्टर म्हणून तरंगमबाडीला उतरला. त्याने मिशनऱ्यांना झाडे बघायला, वाळवायला, लिनियसच्या पद्धतीने नावे द्यायला शिकवले. त्यातून जो गट जमला त्याने स्वतःला ‘संयुक्त बंधू’ म्हणवून घेतले. जॉन, रोटलर, क्लाइन, हाइने ही त्यातली नावे. ईस्ट इंडिया कंपनीचा सर्जन आणि पुढे कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख झालेला विल्यम रॉक्सबर्ग हाही त्यांच्याशी जोडलेला. कोणी लुथरन, कोणी मोरावियन पंथाचा. कोणी डेन्मार्कच्या आश्रयाने राहणारा, कोणी इंग्रजांच्या पगारावर. पुढे या दोन राष्ट्रांत युद्धही झाले आणि १८०८ ते १८१५ तरंगमबाडी इंग्रजांच्या ताब्यात राहिली.

मला या मंडळींची सर्वात आवडणारी गोष्ट म्हणजे त्यांची नाव देण्याची रीत. नव्या वनस्पतीच्या नावापुढे तिचे पहिल्यांदा वर्णन करणाऱ्याचे नाव लागते. संशोधकाची सारी कीर्ती त्या शेपटात असते आणि त्यावरून आजही भांडणे होतात. या बंधूंनी आपापसात नमुने वाटून घेतले आणि अनेक नावांपुढे कोणा एकाचे नाव न घालता ‘नोबिस’, म्हणजे आम्हा सर्वांचे, असे लिहिले. विज्ञानाच्या इतिहासात श्रेयाची अशी सामाईक चूल क्वचितच सापडेल. कोनिग १७८५ मध्ये काकिनाड्याजवळ आजारी पडून गेला तेव्हा त्याच्यावर उपचार करायला रॉक्सबर्ग होता.

हे सगळे आठवण्याचे कारण सध्याचा एक गाजणारा आकडा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून २०२५ मध्ये सांगितले की जगात सहापैकी एका माणसाला एकटेपणा छळतो. लगेच उपाय म्हणून छंद सुचवले जातात, आणि सोबत अमेरिकी संशोधक जेफ्री हॉल यांचा हिशेब येतो: साधारण ५० तास सोबत घालवले की ओळखीचा माणूस जुजबी मित्र होतो, ९० तासांत मित्र, २०० तासांहून अधिक झाले की जिवलग. नवीन गावी राहायला गेलेली माणसे आणि एका विद्यापीठातले नवे विद्यार्थी यांनी आठवून सांगितलेल्या वेळेवर हे बेतलेले आहे. त्याला औषधाच्या मात्रेसारखे वापरणे चूक. त्याच अभ्यासातली खरी मोलाची बाब मागे पडते: कचेरीत एकत्र काम करताना गेलेले तास मैत्रीच्या खात्यात फारसे जमा होत नाहीत.

मग छंदातले तास का जमा होतात? एक धागा सामाईक लक्षाचा आहे. वोल्फ आणि टोमासेलो यांनी २०१९ मध्ये चिंपांझी आणि बोनोबोंना माणसासोबत एक चित्रफीत दाखवली. दोघांनी एकच गोष्ट पाहिली असेल, तर ही वानरे नंतर त्या माणसाजवळ अधिक लवकर गेली. समोरासमोर बसून एकमेकांना न्याहाळण्यापेक्षा शेजारी बसून तिसऱ्याच गोष्टीकडे बघणे सोपे जाते. दुसरा धागा सुरांचा. ऑक्सफर्डच्या आयलूनेड पिअर्स आणि सहकाऱ्यांनी प्रौढांच्या वर्गांचा सात महिने माग घेतला. गाण्याच्या वर्गातली माणसे झपाट्याने जवळ आली. हस्तकलेच्या आणि लेखनाच्या वर्गांनी शेवटी त्यांना गाठले. हे वाचताना मला तंजावर-कुंभकोणम भागातली भजने आठवतात. मरुदानल्लूरच्या सद्गुरुस्वामींनी घडवलेल्या त्या परंपरेत तमिळ घरांतली माणसे आजही मराठी अभंग गातात.

छंदातून जुळलेल्या मैत्रीत तंजावरचा मराठा राजा सरफोजी दुसरा याची गोष्ट अधिक गुंतागुंतीची. १७९८ मध्ये गादी मिळाली आणि पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्य गेले; हाती उरला किल्ला. त्याने ग्रंथ जमवले, छापखाना घातला, धन्वंतरी महालात औषधे तपासली, शरीरशास्त्राचा अभ्यास केला. १८२६ मध्ये बिशप हेबर चार दिवस त्याच्या सहवासात होता. लाव्हाझिए, लिनियस, ब्युफॉन हे राजाच्या बोलण्यात सहज येतात, हे पाहून तो थक्क झाला. सरफोजीचा शिक्षक श्वार्ट्झ हाही मिशनरी आणि तोही आधी तरंगमबाडीला आलेला. शिष्य हिंदूच राहिला, तरी गुरूसाठी त्याने शिल्पकार फ्लॅक्समनकडून संगमरवरी स्मारक करवून घेतले. त्यावरच्या इंग्रजी ओळी स्वतः राजाच्या आहेत. कंपनीचा रेसिडेंट बेंजामिन टोरिन परत गेल्यावरही लंडनहून पुस्तके, उपकरणे धाडत राहिला आणि तंजावरी चित्रकारांनी काढलेली प्राणी-पक्ष्यांची चित्रे त्याच्याकडे गेली.

ज्या कंपनीने राज्य घेतले तिच्याच माणसाशी ही मैत्री. ती बरोबरीची होती असे मी म्हणणार नाही. छंदाने सत्तेतले अंतर मिटत नाही. आणि रानातून झाडपाला आणणारी माणसे, मासे ओळखून देणारे कोळी, ती चित्रे रंगवणारे हात यांना कोणी बंधू म्हटले नाही. ‘आम्हा सर्वांचे’ यात तेही नव्हते. तरी ज्याला दरबारात फक्त पेन्शन मोजून मिळत होती, त्याला पक्ष्याच्या पिसांवर किंवा डोळ्याच्या विकारावर बोलताना जाणकार म्हणून ऐकून घेतले जात होते. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात १८२७ मधली नेत्ररुग्णांची टिपणे आहेत, सोबत डोळ्यांची रंगीत चित्रे. ती पाहिली की तिथले वैद्यक हा नुसता राजेशाही शौक नव्हता हे पटते.

त्याच ग्रंथालयात मोडी कागदांचे शेकडो रुमाल आहेत आणि ते वाचू शकणारे थोडे. इकडे महाराष्ट्रात निवृत्तीनंतर मोडी शिकणाऱ्यांचे वर्ग भरतात. शिकून झाल्यावर पुष्कळांना वाचायला कागद मिळत नाहीत. या दोन गरजांची गाठ घालून द्यायला फार मोठा निधी लागणार नाही. तमिळ जाणणारा एक आणि मोडी जाणणारा एक अशा जोड्या बसवाव्यात, एका वेळी एकच कागद दोघांपुढे ठेवावा, आणि छापताना वाचकांची नावे संयुक्त बंधूंच्या रीतीने एकत्र द्यावीत.