खांदा ‘बसवला’ म्हणजे बरा झाला का? भरतीची तयारी करणाऱ्यांनी आधी हे वाचा

औंढा नागनाथ : चौकार अडवायला डाइव्ह मारली, चेंडू अडला, पण खांदा निखळला. मग मैदानावरच दोघे धरतात, तिसरा हात ओढतो, ‘खट्ट’ आवाज येतो आणि सगळे म्हणतात, बसला! पुढच्या रविवारी तोच गडी पुन्हा मैदानात. टेनिस बॉल क्रिकेट किंवा कबड्डी खेळणाऱ्यांना हे चित्र नवीन नाही.

यातली अनेक मुलं पोलिस भरतीची तयारी करणारी असतात. पुरुष उमेदवारांच्या ५० गुणांच्या मैदानी चाचणीत १५ गुण गोळाफेकीचे आहेत आणि गोळा असतो ७.२६ किलोचा. खांदा कच्चा राहिला, तर फटका थेट मेरिटला.

श्रेयस अय्यरला किती दिवस लागले?

२३ मार्च २०२१. पुण्याजवळच्या गहुंजे स्टेडियमवर इंग्लंडविरुद्धचा वनडे सामना. क्षेत्ररक्षण करताना डाइव्ह मारली आणि मुंबईकर अय्यरचा डावा खांदा अर्धवट निखळला. एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया झाली. तो पुन्हा खेळला थेट सप्टेंबरमध्ये, यूएईतील आयपीएलमध्ये. नोव्हेंबरमध्ये कानपूरला कसोटी पदार्पणातच त्याने १०५ धावा केल्या. म्हणजे हिरवळीवर पडलेल्या, फिजिओ दिमतीला असलेल्या खेळाडूलाही जवळपास सहा महिने द्यावे लागले. आपल्याकडे तर वाळलेल्या काळ्या रानात डाइव्ह मारायची असते.

पुन्हा पुन्हा का निखळतो?

खांद्याची खोबण खोल वाटीसारखी नसते, बशीसारखी उथळ असते. म्हणूनच हात चहूबाजूंनी फिरतो आणि म्हणूनच सटकतोही. बशीच्या काठाला कूर्चेची कडा असते. खांदा निखळताना बहुतेक वेळा ती फाटते. हाड जागेवर आलं तरी फाटलेली कडा नीट जुळेलच असं नाही. वय विशीच्या आसपास असेल, तर पुन्हा निखळण्याचा धोका सर्वाधिक. पुढे पुढे तर शर्ट घालतानाही खांदा सटकतो, असे रुग्ण असतात.

मग त्या क्षणी करायचं काय?

ओढाओढ करू नका. आत हाड मोडलेलं असेल, तर ओढल्याने ते आणखी सरकतं. नस किंवा रक्तवाहिनीही दुखावते. हात आहे त्याच स्थितीत गमछाच्या झोळीत अडकवा, कापडात गुंडाळलेला बर्फ लावा आणि दवाखाना गाठा. दंडाच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा किंवा बोटांना मुंग्या असतील, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. एक्स-रे आधी, बसवणं नंतर. हिंगोलीत जिल्हा रुग्णालय आहे. पुढच्या तपासण्यांसाठी नांदेडचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय.

झोळी साधारण एक ते तीन आठवडे. खरी गडबड त्यानंतर होते. दुखणं थांबतं, माणूस व्यायाम सोडतो आणि नेटमध्ये उतरतो. खांद्याभोवतीचे स्नायू बळकट करायला फिजिओथेरपीचे दोन-तीन महिने लागतातच. त्यात महागडी मशीन फारशी लागत नाही, रबरी पट्टा आणि भिंत पुरते. दोन्ही हातांची ताकद सारखी वाटेपर्यंत गोळा, पकड आणि डाइव्ह बंद. दुसऱ्यांदा निखळला, तर शस्त्रक्रियेबद्दल अस्थिरोगतज्ज्ञांना विचारायला हवं.

आणि हो, पहिल्या वेळचा एक्स-रे फेकू नका. खांदा याआधी कधी आणि कितीदा निखळला, हे डॉक्टर हमखास विचारतात.