मागे डिस्क बसवली, तरी पॅडल खोल जातंय?

परभणी-जिंतूर रस्त्यावर माल घेऊन पळणाऱ्या माझ्या जुन्या पिकअपला मागे ड्रम काढून डिस्क बसवली आणि पॅडल स्पंजासारखं झालं. तीनदा हवा काढली, फरक शून्य. शेवटी गाडीखाली झोपून बघितलं, तर डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झालेला! ब्लीडिंग निपल खाली आलं की वर अडकलेली हवा निघतच नाही. निपल कायम वरच्या टोकाला हवं.

तुम्हीही मागे डिस्क बसवत असाल तर हे बघा 👇

🔧 मास्टर सिलेंडर: कॅलिपरच्या मोठ्या पिस्टनला ऑइल जास्त लागतं. जुना लहान पडला तर पॅडल खोलच जाणार.

🔧 रेसिड्युअल व्हॉल्व्ह: ड्रमसाठीचा व्हॉल्व्ह लाइनमध्ये साधारण १० पीएसआय दाब धरून ठेवतो. डिस्कला तो चालत नाही. पॅड घासत राहतात, चाक तापतं.

🔧 लोड व्हॉल्व्ह: तो नीट सेट नसल्यामुळे मागचा ब्रेक जास्त लागला तर रिकाम्या गाडीची मागची चाकं आधी लॉक होतात. पावसात काळ्या मातीच्या चिखलावर हे फार धोक्याचं.

🔧 हँडब्रेक: ड्रमसोबत तोही जातो. लिव्हरवाला कॅलिपरच घ्या.

आणि काम करण्याआधी आरटीओत विचारा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दलच आहे. ब्रेकच्या कामात घाई नको, मित्रांनो. 🙏