जुन्या संगणकास नवे काम

शाळेच्या कार्यालयात, कपाटाच्या आडोशास, कापडाने झाकून ठेवलेला जुना संगणक भोकरदनपासून मंठ्यापर्यंत कोणत्याही तालुक्यात दृष्टीस पडू शकेल. कोठे तो सर्व शिक्षा अभियानातून आलेला असतो, तर कोठे गावकऱ्यांच्या लोकवर्गणीतून. ‘फार मंद झाला’ किंवा ‘सुरूच होत नाही’ एवढ्या कारणावरून त्याचे नाव निर्लेखनाच्या यादीत जाते. परंतु पुष्कळदा यंत्र धडधाकट असते. जीर्ण झालेली असते ती त्यातील कार्यप्रणाली. ती बदलता येते आणि हे काम शिक्षकास स्वतः करता येण्याजोगे आहे.

कार्यप्रणाली, जिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात, ती संगणकाची मुख्याध्यापक होय. प्रक्रियक, स्मृती, तबकडी, कळफलक व छपाईयंत्र यांना कामे वाटून देणे आणि त्यांच्यात मेळ राखणे हे तिचे कार्य. मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीचे साहाय्य ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चे १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविले. साहाय्य थांबले म्हणून यंत्र बंद पडत नाही. मात्र प्रणालीत नव्याने आढळणारी छिद्रे बुजविली जात नाहीत. अशा यंत्रावरून विद्यार्थ्यांची जन्मतारीख व आधार क्रमांक महाजालावर भरणे म्हणजे दप्तराचे कपाट उघडे टाकून घरी जाणे होय. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी स्मृती आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते. जुन्या यंत्रांत ती बहुधा नसते.

यास्तव लिनक्सवर आधारलेल्या मुक्त प्रणालींचा विचार करावा. हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ साली आरंभिलेले हे कार्य आज जगभर पसरले आहे. या प्रणालींस मूल्य पडत नाही आणि त्या कितीही यंत्रांवर बसविता येतात. केरळ राज्यातील शासकीय शाळा कित्येक वर्षे मुक्त प्रणाली वापरीत आहेत. सी-डॅक या संस्थेनेही भारतीय भाषांसाठी ‘बॉस’ ही प्रणाली सिद्ध केली आहे.

प्रथम जुने दप्तर वाचवावे. नवी प्रणाली बसविताना तबकडीवरील सर्व मजकूर पुसला जाऊ शकतो. म्हणून निकालपत्रके, पत्रव्यवहार व छायाचित्रे दोन निरनिराळ्या ठिकाणी उतरवून घ्यावीत आणि ती उघडतात याची खात्री करावी. येथे एक धोका ध्यानात ठेवावा. ‘शिवाजी’सारख्या जुन्या टंकांत लिहिलेला मराठी मजकूर संगणकाच्या आत रोमन अक्षरांच्या संकेतांनी साठविलेला असतो; टंक नसेल तेथे तो निरर्थक रोमन अक्षरांचा ढीग दिसतो. यास्तव अशा कागदांची छापील प्रत काढावी, टंकाची फाइलही सोबत जतन करावी आणि महत्त्वाचा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून मूळ प्रतीशी ताडून पाहावा. एका अक्षराची चूक विद्यार्थ्याच्या दाखल्यात त्यास आयुष्यभर नडते.

नंतर यंत्राची तपासणी करावी. वीजजोडणी काढून, पेटी उघडून मऊ कुंचल्याने धूळ झाडावी. धुळीने पंखा गुदमरला की यंत्र तापते व बंद पडते. तारीख वारंवार मागे जात असेल, तर आतील नाण्याच्या आकाराचा सेल, बहुधा सीआर २०३२, बदलावा. तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत आणि दोष विनाकारण यंत्रावर येतो.

प्रणाली निवडताना अंथरूण पाहून पाय पसरावेत. कोअर टू ड्युओ व त्यापुढील यंत्रांत प्रक्रियक ६४ बिटांचा असतो. स्मृती २ जीबी असल्यास लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती चालते. ४ जीबी असल्यास काम सुखाने होते. स्मृती १ जीबीच असेल तर डेबियन व एलएक्सडीई ही हलकी जोडी घ्यावी. ३२ बिटांच्या यंत्रांसाठी डेबियनने आपला बसविण्याचा संच १२ व्या आवृत्तीनंतर देणे थांबविले आहे. अशी यंत्रे महाजालाशी न जोडता केवळ मुलांच्या सरावासाठी ठेवावीत, हे उत्तम.

निवडलेली प्रणाली तिच्या अधिकृत स्थळावरूनच उतरवावी. बियाण्याची पिशवी फोडण्यापूर्वी जालन्याचा शेतकरी मोहोर व खूणचिठ्ठी पाहतो, तद्वत उतरविलेल्या फाइलची पडताळणी-संख्या स्थळावरील संख्येशी जुळवावी. मग एचर किंवा रुफस या साधनाने ती ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिहावी. पेनड्राइव्हवरील पूर्वीचा मजकूर यात पुसला जातो. यंत्र सुरू होताच एफ१२, एफ२, एस्केप किंवा डिलीट यांपैकी लागू पडणारी कळ दाबून पेनड्राइव्हवरून आरंभ करावा. मिंट काहीही न बसविता तशीच चालवून पाहता येते. ध्वनी, पडदा, कळफलक व छपाईयंत्र चालतात असे दिसल्यावरच बसविण्याची आज्ञा द्यावी. वीज जाण्याच्या वेळा टाळून हे काम करावे.

आवश्यक साधने मोजकीच घ्यावीत. लेखन व तक्त्यांसाठी लिबरऑफिस, महाजालासाठी फायरफॉक्स, चित्रकलेसाठी टक्स पेंट आणि लहान वर्गांच्या खेळांसाठी जीकॉम्प्रिस पुरेशी आहेत. किविक्स या साधनाने मराठी विकिपीडिया एकदा उतरवून घेतला की जोडणीवाचूनही वाचता येतो. मराठी लेखनासाठी इनस्क्रिप्ट कळफलक चालू करावा. त्याची रचना वर्णमालेस धरून आहे: ‘के’ कळीवर क आणि शिफ्टसह ख, ‘आय’ कळीवर ग आणि शिफ्टसह घ. स्वर डाव्या हाताकडे, बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे. वर्णमाला शिकविणाऱ्यास हा कळफलक परका वाटणार नाही.

जुन्या यंत्राकडून सर्वच अपेक्षा करू नयेत. चलच्चित्रे त्यावर अडखळतील आणि शासकीय भरणा नव्या यंत्रावरच करणे इष्ट. तबकडी खडखडत असेल किंवा दुरुस्तीचा खर्च परवडत नसेल, तर तबकडीवरील माहिती पुसून रीतसर निर्लेखन करावे. परंतु तत्पूर्वी एक दिवस या कामास द्यावा. ज्या मुलाच्या घरी संगणक नाही, त्याने आपले नाव प्रथम आपल्या लिपीत, आपल्या हाताने पडद्यावर उमटविलेले पाहणे, एवढ्यासाठीही तो दिवस सत्कारणी लागला असे शिक्षकाने समजावे.