मुक्त सॉफ्टवेअरची ओळख (भाग ७) : जुना संगणक, हलकी प्रणाली आणि एक बंद कप्पा

संगणकाची कार्यप्रणाली हलकी असणे आणि ती मुक्त असणे हे दोन स्वतंत्र गुण असून, जुन्या यंत्रांच्या चर्चेत त्यांची हमखास गल्लत होते. हलकी प्रणाली म्हणजे कमी स्मृती व मंद प्रोसेसर असलेल्या यंत्रावरही अडखळत न चालणारी. मुक्त प्रणाली म्हणजे जिचा प्रत्येक भाग कोणत्याही कामासाठी वापरण्याचे, उघडून तपासण्याचे, बदलण्याचे आणि इतरांना देण्याचे स्वातंत्र्य वापरकर्त्याला परवान्यानेच दिलेले आहे अशी. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेला ग्नू प्रकल्प आणि लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेला लिनक्स हा गाभा, म्हणजे यंत्रसामग्री व सॉफ्टवेअर यांच्यामधला मूळ थर, यांच्या संयोगातून अशा प्रणाली उभ्या राहिल्या.

हा विषय आज तातडीचा झाला आहे, कारण विंडोज १० या प्रणालीचे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा व तुलनेने नवा प्रोसेसर आवश्यक ठरवण्यात आला. त्यामुळे उत्तम चालणारे असंख्य संगणक केवळ नियमामुळे बाद ठरतात. गडचिरोली जिल्ह्यात वैनगंगेकाठच्या मार्कंड्यासारख्या गावात, जिथे नवे यंत्र घेणे म्हणजे मोठाच खर्च, तिथे हा नियम सर्वांत जास्त जाचतो.

कमी ताकदीच्या यंत्रावर मुक्त प्रणाली चालते का, या प्रश्नाचा एक बोलका प्रयोग महाराष्ट्रात २००७ मध्येच झाला. रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील खैरात येथील छोट्या प्राथमिक शाळेत ‘प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाची भारतातील पहिली चाचणी सुरू झाली. एक्सओ नावाच्या त्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपमध्ये ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी स्मृती आणि हार्ड डिस्कऐवजी अवघी १ जीबी फ्लॅश साठवण होती. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर फेडोरा या लिनक्स प्रणालीचे छाटलेले रूप आणि त्यावर मुलांसाठी रचलेले ‘शुगर’ हे दर्शनी आवरण चालत असे. कळफलकावर चालू कार्यक्रमाची उगमसंहिता, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूर, उघडण्यासाठी एक वेगळी कळ योजलेली होती. कार्यक्रम कसा लिहिला आहे हे पाहण्याचा मुलाचा हक्क यंत्राच्या अंगावरच कोरावा, ही त्यामागची भूमिका आजही थोर वाटते.

मात्र त्याच लॅपटॉपची वायफाय चिप स्वतःच्या छोट्या प्रोसेसरवर एक बंद कार्यक्रम चालवत असे. अशा कार्यक्रमाला फर्मवेअर म्हणतात. तो यंत्राच्या एखाद्या भागात राहून त्या भागाला चालवतो. शेजारच्या लॅपटॉपशी थेट जाळे जुळवण्याची एक्सओची प्रसिद्ध करामत याच चिपवर अवलंबून होती, आणि नेमका तिचाच मजकूर कोणाला पाहता येत नव्हता.

हा बंद कप्पा काढून टाकण्याचा हट्ट धरणाऱ्या प्रणाली थोड्या आहेत. त्यांपैकी ट्रिस्केल ही स्पेनमधील गॅलिसिया प्रांतात, व्हिगो विद्यापीठात २००४ मध्ये सुरू झालेली प्रणाली आज उबुंटू या लिनक्स प्रणालीवर आधारलेली असून, गाभ्यातील सर्व बंद तुकडे वगळून तयार होते. तिची ‘मिनी’ ही हलकी आवृत्ती एलएक्सडीई हे साधे दर्शनी वातावरण वापरते, तर शुगरचे वातावरण असलेली आवृत्तीही तिच्यात उपलब्ध आहे. खैरातच्या मुलांनी हाताळलेले ते आवरण असे पूर्ण मुक्त पायावर आले. याउलट डेबियन या लिनक्स प्रणालीने जून २०२३ मधील बाराव्या आवृत्तीपासून बंद फर्मवेअर अधिकृत स्थापना-प्रतीतच समाविष्ट केले. तो निर्णय सोयीचा आहे, परंतु त्याने तत्त्वाला मुरड घातली हे नाकारता येत नाही.

एवढ्याशा तुकड्यासाठी आग्रह कशाला, या शंकेचे उत्तर गडचिरोलीतच सापडते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला सुमारे १,८०० हेक्टर वनावरील सामूहिक हक्क २००९ मध्ये मिळाला, पण बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती एप्रिल २०११ मध्ये आले. तोवर बांबू गावाचा असूनही तो विकायला नेण्याची किल्ली दुसऱ्याकडे होती. बंद फर्मवेअरची जागा संगणकात नेमकी तीच आहे, कारण बाकी सारे मोकळे असूनही निर्मात्याने साहाय्य थांबवले की यंत्राचा तो भाग दुरुस्त करण्याचा मार्ग खुंटतो.

या आग्रहाची किंमत मात्र मोजावी लागते. अनेक जुन्या लॅपटॉपांचे वायफाय पूर्ण मुक्त प्रणालीवर चालतच नाही. तिथे केबलने जोडणी करावी लागते किंवा एआर९२७१ चिपचा छोटा यूएसबी अडॅप्टर लावावा लागतो, ज्याचे फर्मवेअर २०१३ पासून मुक्त आहे. शिवाय प्रणाली कितीही हलकी असली तरी आजची संकेतस्थळे जड आहेत, आणि ब्राउझर उघडताच वाचवलेली स्मृती खर्ची पडते. मराठी लेखन, हिशेब, अभ्यासाचे पाठ आणि छपाई या कामांसाठी मात्र असे यंत्र पुष्कळ वर्षे पुरते.

म्हणून शाळा, ग्रामपंचायत किंवा वाचनालय यांनी जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी ट्रिस्केल मिनी पेनड्राइव्हवर उतरवून, हार्ड डिस्कला हात न लावता, त्यावरूनच यंत्र सुरू करून पाहावे आणि पडदा, आवाज, मुद्रक व वायफाय हे चारही चालतात का हे तपासूनच पुढचा निर्णय घ्यावा.