काळ्या लोकरीचं वस्त्र

रखडलेल्या कामाला मराठी माणूस आजही ‘भिजत घोंगडं’ म्हणतो. घोंगडी बहुतेक घरांतून गेली, वाक्प्रचार तेवढा राहिला. भिजलेली घोंगडी किती जड होते आणि वाळायला किती दिवस घेते, हे अंगावर घेऊन पाहिलेल्यांनीच तो घडवला असणार. पदरमोड, धागेदोरे, सूत जमणं, वीण उसवणं: मागावरचे असे कितीतरी शब्द आपल्या बोलण्यात मुरले आहेत.

महाराष्ट्राच्या वस्त्रकलेचा विषय निघाला, की पहिलं नाव येतं पैठणीचं. तो मान तिचाच आहे. 2010 मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. मात्र येवल्याच्या मागावरचं रेशीम बरंचसं कर्नाटकातून येतं आणि जर सुरतेची असते. मराठी बायकांच्या चोळीचा खण विणला जातो बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डला. सोलापूरची चादर तेलुगू भाषक पद्मशाली विणकरांनी नावारूपाला आणली. विदर्भात करवतकाठी साडीच्या टसर रेशमाचे किडे ऐनाच्या झाडांवर वाढतात, तिथली ढीवर कुटुंबं ते किडे पाखरांपासून राखतात. वस्त्र असंच गावं आणि माणसं जोडत तयार होतं, यात उणेपणा काहीच नाही. पण मेंढीपासून मागापर्यंत सगळं एकाच माळावर घडतं, ते घोंगडीचं.

हा माळ म्हणजे माण, आटपाडी, सांगोला, जत हे तालुके. पाऊस कमी, कुसळं फार. इथली दख्खनी मेंढी काटक, तिची लोकर राठ आणि बहुधा काळी. वर्षातून दोनदा कातरणी होते. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर सगळ्यांत मऊ, तिला जावळ म्हणतात. जावळाच्या घोंगडीचा मान वेगळाच. लोकर रंगानुसार निवडायची, पिंजायची, मग बायका चरख्यावर सूत काढतात. राठ लोकरीचं हे सूत मागावर टिकत नाही, म्हणून ताण्याला चिंचोक्याची शिजवलेली खळ देतात. खळ उन्हात वाळली, की सूत कडक होतं आणि खड्ड्याच्या मागावर चढतं. विणणारे मुख्यतः सणगर आणि खुटेकर धनगर.

विकत आणावा लागतो तो फार तर चिंचोका. रंगसुद्धा मेंढीचाच.

मेंढपाळाचं अर्धं घर या एका वस्त्रात मावतं. पावसात डोक्यावर खोळ, रात्री अंथरूण, थंडीत पांघरूण. देवघरातही तिला जागा आहे. खंडोबाच्या जागरणात घोंगडी अंथरून तिच्यावर पूजा मांडतात. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेव यात्रेत भंडाऱ्याबरोबर लोकरही उधळली जाते. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथात पंढरीच्या देवाची मुळं गवळी-धनगरांच्या लोकदैवतापर्यंत नेली. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी तर धनगरांच्या ओव्या आणि देवतांच्या अभ्यासाला आयुष्य दिलं. घोंगडीला नुसती कारागिरी म्हणून पाहिलं, तर हे सगळं हातून निसटतं.

आज मेंढी पाळली जाते ती मटणासाठी. जत भागातली माडग्याळ मेंढी लवकर वाढते, चांगला भाव खाते, पण तिच्या अंगावर लोकर नावालाच. दख्खनी लोकरीला गिऱ्हाईक नाही. कातरणीची मजुरीही तिच्यातून सुटत नाही, म्हणून कितीतरी मेंढपाळ ती माळावरच टाकून देतात. पानिपतची स्वस्त ब्लँकेटं बाजारात आली आणि उरलासुरला ग्राहकही तिकडे वळला. पण मोठा घाव बसला तो सूतकताईवर. एका घोंगडीचं सूत काढण्यात बाईचे कितीतरी दिवस जातात आणि त्या दिवसांचे पैसे किमतीत धरलेच जात नाहीत. मग मुली चरख्याकडे का वळतील? माग वाचवायच्या योजना निघतात. चरखा थांबला, तर त्या मागावर चढवणार काय?

वाचकांना एवढीच विनंती: या हिवाळ्यात घोंगडी घ्यायची झाली, तर विणणाऱ्याच्या घरी जाऊन घ्या. सूत कुणी काढलं, तेही विचारा आणि भावात घासाघीस करू नका. नवी घोंगडी अंगाला टोचेल, खळीमुळे ताठ वाटेल. वापरात ती मऊ होते.