रॅम्प : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘रॅम्प’ हा शब्द मराठीत आता पुरता रुळला आहे. बँक, दवाखाना, मतदान केंद्र, सोसायटी, सगळीकडे तो कानावर पडतो. पण त्याविषयीच्या चुकीच्या समजुतींमुळे खर्च होऊनही माणूस दाराबाहेरच अडकतो.

गैरसमज : हा मुळात फॅशनच्या दुनियेतला शब्द आहे.
वस्तुस्थिती : शब्द फ्रेंचमधून आला. जुन्या फ्रेंचमध्ये त्याच्या मूळ क्रियापदाचा अर्थ चढणे, सरपटणे असा होता. राजचिन्हांवर मागच्या पायांवर उभ्या असलेल्या सिंहाला ‘रॅम्पंट’ म्हणतात, तोही याच कुळातला. मॉडेल चालतात त्या मंचाला इंग्लंडात ‘कॅटवॉक’, तर अमेरिकेत ‘रनवे’ म्हणतात. त्याला ‘रॅम्प’ म्हणणं मुख्यतः आपल्याकडचं. तो मंच तर बहुधा सपाटच असतो!

गैरसमज : पायऱ्यांवर सिमेंटचा उतार ओतला, की रॅम्प झाला.
वस्तुस्थिती : भारतातील मार्गदर्शक तत्त्वांनुसार चढ १:१२ पेक्षा तीव्र नसावा. म्हणजे तीन पायऱ्यांची उंची ४५ सेंटिमीटर असेल, तर रॅम्प किमान ५ मीटर ४० सेंटिमीटर लांब हवा. स्कूटर चढवण्यापुरत्या केलेल्या दीड मीटरच्या उतारावर व्हीलचेअरची पुढची चाकं उचलली जातात आणि खुर्ची मागे उलटू शकते. वर दारापुढे सपाट जागाही लागते. ती नसेल, तर दार उघडायला एक हात चाकावरून काढताच खुर्ची मागे घसरू लागते.

गैरसमज : रॅम्प केला, आता पायऱ्यांची गरज नाही.
वस्तुस्थिती : कृत्रिम पाय किंवा कुबड्या वापरणाऱ्या काहींना उतारापेक्षा पायऱ्या सोयीच्या वाटतात. म्हणून दोन्ही हवं, आणि दोन्हीकडे कठडेही हवेत. रॅम्पचा उपयोग बाबागाडी ढकलणाऱ्या आईला, गुडघे दुखणाऱ्या आजोबांना आणि सिलिंडर आणणाऱ्यालाही होतो.

गैरसमज : ही सोय म्हणजे मालकाचा चांगुलपणा.
वस्तुस्थिती : हा हक्क आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार सार्वजनिक वापराच्या इमारती सुगम असणं बंधनकारक आहे, मग त्या सरकारी असोत वा खासगी. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष निव्वळ शिफारशीवजा ठेवणारा नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीचे निकष आखण्याचा आदेश केंद्राला दिला.

तुमच्या सोसायटीत रॅम्पचा विषय निघाला, तर कंत्राटदाराला बोलावण्याआधी टेप घ्या. जमिनीपासून उंबऱ्यापर्यंतची उंची मोजा आणि तिला बाराने गुणा. तेवढी सरळ जागा नसेल, तर मध्ये सपाट टप्पा ठेवून रॅम्पला वळण देता येतं. आराखडा व्हीलचेअर वापरणाऱ्या व्यक्तीला दाखवा आणि तिने होकार दिल्यावरच काम सुरू करा.