मुरगाव बंदरात शिरलेले महायुद्ध

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर चढाई केली आणि त्याच दिवशी पोर्तुगालने आपण तटस्थ असल्याचे जाहीर केले. दोन दिवसांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारतीय नेत्यांना न विचारता हिंदुस्थान युद्धात उतरल्याची घोषणा केली. परिणामी सावंतवाडीकडची गावे युद्धात आणि त्यांना खेटून असलेली पोर्तुगीज गोव्यातली पेडण्याची गावे शांततेत, अशी विभागणी झाली. गोव्यालाही कोणी विचारले नव्हते. तटस्थतेचा निर्णय लिस्बनमध्ये बसलेले पोर्तुगालचे सत्ताधीश सालाझार यांचा होता.

सालाझार यांना कसरत करायची होती. पोर्तुगालचा इंग्लंडशी मैत्रीचा तह १३७३ सालचा, पण शेजारच्या स्पेनमध्ये जर्मनीच्या मदतीने सत्तेवर आलेला फ्रँको. तह कायम, मात्र लढाईत उतरण्याचे बंधन नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली. ब्रिटनलाही त्या वेळी तेच सोयीचे होते. तटस्थता टिकते ती अशी, दोन्ही बाजूंना ती उपयोगी असते तोवर.

गोव्याची तटस्थता तर पहिल्यापासूनच परावलंबी होती. मुरगावहून निघणारी रेल्वे घाट चढून कॅसलरॉकला पोचली की ब्रिटिश हद्द लागत असे. तांदूळ बाहेरून येई, आणि असंख्य घरांची चूल मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरीवर पेटे. धोबीतलावच्या परिसरातल्या कुडींमध्ये, म्हणजे गावागावांच्या सामाईक बिऱ्हाडांमध्ये, उतरणारे गोव्याचे तारवटी ब्रिटिश कंपन्यांच्या आगबोटींवर खलाशी, आचारी, खानसामे म्हणून काम करत. आपला देश युद्धात नसतानाही पाणतीराचा धोका या माणसांच्या डोक्यावर पहिल्या दिवसापासून होता. गोव्याच्या युद्धाची गोष्ट सांगताना त्यांचा उल्लेख क्वचितच होतो, हे योग्य नाही.

युद्ध सुरू होताच हिंदी महासागरातली जर्मन व्यापारी जहाजे जवळच्या तटस्थ बंदरांकडे धावली. एहरेनफेल्स, ड्राखेनफेल्स आणि ब्राउनफेल्स ही ब्रेमेनच्या हान्सा कंपनीची तीन जहाजे मुरगावला आली. पुढे इटली युद्धात उतरल्यावर अँफोरा हे इटालियन जहाजही तिथे अडकून पडले. १९०७ च्या हेग करारानुसार युद्धनौकेला तटस्थ बंदरात साधारणपणे २४ तासच थांबता येते. व्यापारी जहाजाला मात्र तसे बंधन नाही. म्हणून ही जहाजे जुवारीच्या मुखाशी वर्षानुवर्षे नांगर टाकून उभी राहिली. बाहेर पडली तर ब्रिटिश आरमार टपलेलेच होते.

याच करारात आणखी एक कलम आहे. तटस्थ बंदर युद्धाच्या कारवायांसाठी वापरता येत नाही आणि तिथे शत्रूशी लढणाऱ्या सैन्यासाठी बिनतारी संदेशाचे केंद्र चालवता येत नाही. नेमका याच मुद्द्यावर पेच पडला. जर्मन पाणबुड्या हिंदी महासागरात दोस्तांची जहाजे बुडवू लागल्या, तेव्हा एहरेनफेल्सवरच्या छुप्या यंत्रावरून त्यांना जहाजांच्या हालचाली कळवल्या जातात, असा ब्रिटिश गुप्त यंत्रणेचा निष्कर्ष झाला.

तोवर पोर्तुगीज तटस्थतेला दुसरीकडे मोठे भगदाड पडले होते. १७ डिसेंबर १९४१ रोजी डच आणि ऑस्ट्रेलियन सैन्य पोर्तुगीज तिमोरमध्ये परवानगीविना उतरले. सालाझार यांनी निषेध नोंदवला. फेब्रुवारी १९४२ मध्ये जपानी सैन्य तिथे आले आणि युद्ध संपेपर्यंत हलले नाही. आधी एका बाजूने खबरदारी म्हणून पाऊल टाकायचे, मग दुसऱ्या बाजूने तेच कारण पुढे करायचे, हा क्रम नॉर्वेतही दिसला होता. फेब्रुवारी १९४० मध्ये ब्रिटिश खलाशांनी नॉर्वेच्या हद्दीत आल्टमार्क या जर्मन जहाजावर चढून कैदी सोडवले. एप्रिलमध्ये जर्मनीने नॉर्वेवर आक्रमण केले.

गोव्यात उघड सैन्य पाठवणे ब्रिटनला परवडणारे नव्हते, कारण पोर्तुगालकडून अझोर्स बेटांवर तळ हवे होते. म्हणून ज्यांच्याशी सरकारचा संबंध नाकारता येईल अशी माणसे शोधली गेली. कलकत्ता लाइट हॉर्स आणि कलकत्ता स्कॉटिश या हौशी राखीव पथकांतले १८ जण निवडले गेले. हे कलकत्त्यातल्या कंपन्यांमधले साहेब, बहुतेक मध्यमवयीन. ते रेल्वेने कोचीनला पोचले. फिबी नावाची गाळ वाहणारी संथ नौका कलकत्त्याहून सिलोनला वळसा घालून तिथे आली होती. ९ मार्च १९४३ च्या पहाटे, अंधारातच, फिबी एहरेनफेल्सला जाऊन भिडली. शिड्या लावून माणसे वर चढली. चकमकीत कप्तानासह काही जर्मन मारले गेले आणि बिनतारी यंत्र हल्लेखोरांच्या हाती लागले. जर्मनांनी तळाच्या झडपा उघडून आपलेच जहाज बुडवायला घेतले. ते पाहून उरलेल्या तीन जहाजांवरच्या खलाशांनीही आपापली जहाजे पेटवून बुडवली. फिबी आली तशी निघून गेली. हल्लेखोरांपैकी एकही दगावला नाही.

हा तटस्थ भूमीवरचा सशस्त्र हल्ला होता, याबद्दल शंका नाही. तरीही पोर्तुगालने तो युद्धाचे कारण मानला नाही. जहाजे जाळणारे खलाशी पकडून तुरुंगात घातले गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याच बंदरात स्वीडनचे ग्रिप्सहोम आणि जपानचे तेइया मारू ही जहाजे आली आणि अमेरिका व जपान यांनी अडकवून ठेवलेल्या प्रत्येकी सुमारे दीड हजार लोकांची अदलाबदल झाली. तटस्थता मोडली तरी तटस्थ बंदर दोन्ही बाजूंना हवेच होते.

तटस्थतेची पुढची घसरण लिस्बनच्या मर्जीने झाली. १७ ऑगस्ट १९४३ च्या कराराने अझोर्सचे तळ ब्रिटनला मिळाले आणि अटलांटिकमधल्या पाणबुड्यांवर तिथून विमाने झेपावू लागली. चिलखत भेदणाऱ्या तोफगोळ्यांसाठी लागणारे टंगस्टनचे खनिज पोर्तुगाल दोन्ही बाजूंना भरमसाट किमतीने विकत होता. दोस्तांच्या दबावाखाली जून १९४४ मध्ये ही विक्री थांबली. एव्हाना युद्धाचे पारडे कुठे झुकले आहे हे स्पष्ट होते. कागदावर पोर्तुगाल शेवटपर्यंत तटस्थ राहिला आणि १९४९ मध्ये नाटोचा संस्थापक सदस्य झाला.

मुरगावचे कैदी खलाशी युद्ध संपल्यावर सुटले. कलकत्त्याच्या माणसांना पदके मिळाली नाहीत, कारण मोहीम झालीच नाही असे ठरले होते. १९७८ मध्ये जेम्स लीझर यांच्या पुस्तकातून ती सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोचली आणि दोन वर्षांनी तिच्यावर ‘द सी वुल्व्हज’ हा चित्रपट आला.